‘जी’ आणि ‘जोहार’ : समुद्रपूर परिसरातील दोन विनयवाचक शब्दांचा इतिहास

दुसऱ्याच्या आज्ञेत राहण्याचा भाव दाखविणारे शब्द मराठीत विपुल आहेत. आज्ञाधारक, आज्ञांकित, अंकित, सेवक, दास, ताबेदार, हुजऱ्या, होयबा अशी ही माळ पुष्कळ लांबविता येईल. त्यांपैकी काही गौरवाचे आहेत, काही निंदेचे आहेत, आणि काही एके काळी गौरवाचे असून पुढे निंदेचे झालेले आहेत. कोशकार शब्दाचा अर्थ देतो. परंतु तो शब्द कोणी, कोणास उद्देशून उच्चारला आणि उलट उत्तरात त्यास काय मिळाले, ही माहिती कोशाच्या चौकटीत सहसा मावत नाही. विनयवाचक शब्दांच्या बाबतीत तर हीच माहिती महत्त्वाची असते. वर्धा जिल्ह्याच्या आग्नेय भागातील समुद्रपूर व त्याच्या आसपासची गावे येथे प्रचलित असलेला ‘जी’ हा एकाक्षरी शब्द आणि त्याच मुलखात एके काळी ऐकू येणारा ‘जोहार’ हा शब्द, या दोहोंचा इतिहास या दृष्टीने ताडून पाहण्यासारखा आहे.

समुद्रपूर हे आज तालुक्याचे ठिकाण असले, तरी इंग्रजी अमलात ते हिंगणघाट तहसिलीत मोडत असे. वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी या तीन तहसिलींचा वर्धा जिल्हा नागपूर जिल्ह्यातून १८६२ साली वेगळा काढण्यात आला. उत्तरेस व पूर्वेस नागपूरचा मुलूख, दक्षिणेस व आग्नेयेस चांद्याचा मुलूख, आणि मध्ये कापसाची काळी जमीन, असे या भागाचे स्वरूप आहे. गिरडच्या टेकडीवरील शेख फरीद यांच्या दर्ग्यास हिंदू व मुसलमान असे दोन्ही समाज जात आले आहेत. म्हणजे मराठी, हिंदुस्थानी आणि चांद्याच्या रानाकडील गोंडी, या तिन्ही भाषांचा वारा या गावांना लागलेला आहे. येथील मराठी बोलीस सर ज्यॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या मराठीविषयक खंडात (१९०५) ‘नागपुरी’ असे नाव देण्यात आले. स्टेन कोनो यांनी संपादिलेल्या या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी यांची जवळीक स्पष्टपणे नोंदविलेली आहे.

या बोलीत ‘जी’ हा शब्द वाक्याच्या शेवटी, क्रियापदानंतर येतो. ‘कुठं चालले जी?’, ‘बसा जी’, ‘पाणी आलं का जी तुमच्याकडं?’, ‘काहून जी?’, ‘हो जी’, ‘नाही जी’ ही त्याची नित्याची रूपे होत. बाहेरून आलेल्या मनुष्यास हा शब्द प्रथम कानाला गोड लागतो आणि मग तो त्याचा अर्थ लावू लागतो. तो अर्थ बहुधा दोन प्रकारांनी लावला जातो. एक असा की, हा ‘जी’ हिंदीच्या शेजारामुळे मराठीत शिरला. दुसरा असा की, पिढ्यान्‌पिढ्या मालगुजाराच्या व सरकारी अंमलदाराच्या पुढे वाकलेल्या माणसाच्या तोंडी राहिलेली ही ताबेदारीची खूण आहे. पुणेरी मराठीत ‘जी जी करणे’ अथवा ‘हांजी हांजी करणे’ हा वाक्प्रचार खुशामतीचा वाचक असल्यामुळे दुसरी समजूत अधिक बळावते. या दोन्ही समजुती साधार नाहीत.

पहिल्या समजुतीचे निरसन जुन्या मराठी ग्रंथांवरून होते. म्हाइंभटाचे ‘लीळाचरित्र’ हे तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणातील मराठी गद्य होय. त्यात श्रीचक्रधरांचे शिष्य आपल्या गोसाव्यांशी बोलताना पदोपदी ‘जी’ आणि ‘जी जी’ असे म्हणतात. शके १२१२ मधील, म्हणजे इ. स. १२९० मधील ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत ‘जी’ आहे. आणि पुढे अर्जुन श्रीकृष्णास, तसेच स्वतः ज्ञानेश्वर आपल्या गुरूस व श्रोत्यांस उद्देशून तो वारंवार योजतात. उत्तरेकडील सत्तेचे मराठी मुलखात पाऊल पडण्यापूर्वीचे हे लेखन आहे. तेव्हा ‘जी’ हा शब्द मराठीने हिंदीकडून उसना घेतला, असे म्हणावयास जागा उरत नाही. दोन्ही भाषांनी तो आपल्या पूर्वजांकडून घेतला, इतकेच फार तर म्हणता येईल.

याहूनही एक बळकट पुरावा आहे, व तो बोलीच्या रचनेतच आहे. समुद्रपूरकडील बोलीत ‘जी’ एकटा नांदत नाही. बरोबरीच्या वा धाकट्या पुरुषास ‘गा’ (‘काय गा’, ‘येतं का गा’), स्त्रीस ‘वो’ किंवा ‘वं’, आणि आदरणीयास अथवा अपरिचितास ‘जी’, अशी ही संबोधनांची एक व्यवस्थाच आहे. ज्ञानेश्वरीत श्रीकृष्ण अर्जुनास ‘गा’ म्हणतो आणि अर्जुन ‘जी’ म्हणून उत्तर देतो, हे ज्यांना आठवेल त्यांना या व्यवस्थेचे वय सांगावयास नको. प्रमाण हिंदीत ‘जी’ आहे, पण त्याच्या जोडीला हा ‘गा’ नाही. उसना घेतलेला शब्द आपले जुने सोबती बरोबर घेऊन येत नसतो. पश्चिमेकडे ‘गा’ कवितेत उरला आणि ‘जी’ वाक्प्रचारात उरला; वर्ध्याकडे दोघेही बाजाराच्या वाटेवर अद्याप भेटतात.

या ‘जी’चे जुन्या गद्यातील कार्य बारकाईने पाहिले पाहिजे. ‘लीळाचरित्रा’तील शिष्य आज्ञा स्वीकारताना ‘जी’ म्हणतात हे खरे. पण शंका काढतानाही ‘जी’च म्हणतात, आणि न समजलेली गोष्ट पुन्हा विचारतानाही ‘जी’च म्हणतात. महदाइसा ही त्या मंडळीतील प्रश्न विचारण्याबद्दल प्रसिद्ध असलेली स्त्री. गोसाव्यांपुढे तिचा विनय कोठेही उणा पडत नाही, आणि तिचे प्रश्नही थांबत नाहीत. म्हणजे ‘जी’ या शब्दाने बोलणारा ‘मी ऐकत आहे, तुमच्याशी बोलत आहे’ असे सांगतो. ‘तुम्ही म्हणाल ते करीन’ असे सांगतोच असे नाही. पोवाड्यात झीलकरी शाहिराच्या कडव्यास ‘जी जी’ची साथ देतात, तेव्हा ते शाहिराची आज्ञा पाळत नसतात, कथा पुढे चालू द्या, आमचे लक्ष आहे, असे सांगत असतात. समुद्रपूरच्या ‘हो जी’मध्ये हा झीलकऱ्याचा ‘जी’ बराच आहे.

‘जी’ची व्युत्पत्ती दोन प्रकारांनी सांगितली जाते. संस्कृत ‘जीव’, म्हणजे ‘जग, चिरंजीव हो’, या आज्ञार्थी रूपापासून तो आला, असे एक मत. आणि ‘आर्य’ या शब्दाच्या प्राकृत ‘अज्ज’ रूपापासून ‘अजी’ व त्याचा संक्षेप ‘जी’, असे दुसरे. पहिले मत ध्वनी व अर्थ या दोन्ही दृष्टींनी अधिक सरळ वाटते. ते ग्राह्य धरल्यास हा शब्द मुळात नमनाचा नसून आशीर्वादाचा ठरतो. राजास ‘जीव’ म्हणणारा त्याच्या आयुष्याची इच्छा करी. पुढे इच्छा विसरली गेली आणि राजापुढे उभे राहण्याची रीत तेवढी शब्दास चिकटली. व्यक्तिनामांच्या शेवटी येणाऱ्या ‘जी’ची गती याहून वेगळी झाली. शहाजी, संभाजी, राणोजी या नावांत तो इतका एकजीव झाला की त्यात आदराचा अंश राहिला नाही, आणि आदर दाखविण्यास मागे ‘राजे’, ‘राव’, ‘महाराज’ अशी नवी पदे जोडावी लागली.

बोलीतील हा शब्द एका बाजूस ठेवून लेखी व्यवहाराकडे वळले असता चित्र पालटते. मराठी पत्रव्यवहारात नम्रतेसाठी ‘जी’चा उपयोग नाही, तेथे ‘स्वामी’, ‘साहेब’, ‘सेवक’, ‘विनंती’, ‘आज्ञा’ यांचे राज्य आहे. ‘राजश्री अमुक गोसावी यांसी’ हा मायना तर सामान्य अधिकाऱ्यालाही लिहिला जाई. ज्या ‘गोसावी’ शब्दाने महानुभावांनी आपल्या परमेश्वरावतारास संबोधिले, तोच येथे लखोट्यावरच्या रिवाजाचा झाला. नम्रतेचे शब्द असे झिजतात, आणि झिजले म्हणजे त्यांच्या जागी अधिक भारी शब्द आणावे लागतात.

या भारीपणाचे उत्तम उदाहरण समुद्रपूरच्या धन्यांच्या घरातच सापडते. हा मुलूख अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. पहिले रघुजी भोसले यांच्या संस्कृत मुद्रेत, बिंबाजीच्या या पुत्राचे चित्त शाहूराजाच्या पदकमलावर भ्रमराप्रमाणे रमलेले आहे, अशा आशयाचे वर्णन आहे. याहून अधिक लीनता शब्दांत आणणे कठीण. तथापि हेच रघुजी बंगालच्या स्वाऱ्या आपल्या हिमतीवर काढीत होते, पेशव्यांशी उघड चुरस करीत होते, आणि सातारच्या दरबारात आपले वजन आपणच राखीत होते. शिंदे व होळकर यांच्या मुद्रांत ‘चरणी तत्पर’ हे शब्द आहेत. पण ते चरण अनुक्रमे ज्योतिबाचे व म्हाळसाकांताचे, म्हणजे कुलदैवतांचे आहेत. मुद्रेतील विनय हा राज्यव्यवस्थेतील आपले स्थान सांगण्याचा एक प्रकार होता. त्यावरून त्या सरदारांच्या आज्ञाधारकपणाचे माप कोणी घेत नाही. मात्र शेतकऱ्याच्या तोंडच्या ‘जी’वरून त्याच्या स्वभावाचे माप घेताना तोच विवेक अभ्यासकांनी नेहमी दाखविला आहे, असे नाही.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण करण्यात आला. या राज्यांतराबरोबर कचेरीत लीनतेचा आणखी एक शब्द स्थिरावला, तो ‘ताबेदार’. त्याचा प्रवास मनोरंजक आहे. अरबी ‘ताबिअ’ म्हणजे मागोमाग जाणारा, अनुयायी. मूळ शब्द स्वतःच अनुयायीवाचक असता त्यास फारसी ‘दार’ जोडून हिंदुस्थानात ‘ताबेदार’ घडविण्यात आला. म्हणजे व्याकरणदृष्ट्या येथे अनुयायित्वाची द्विरुक्तीच झाली. मराठीने याच मुळापासून ‘ताबा’ हे नाम घेतले आणि त्यास ‘कबजा, अधिकार’ हा अर्थ दिला. मागे चालणाऱ्याचे नाव असे हळूहळू त्याला धरून ठेवणाऱ्याच्या मुठीचे नाव झाले. जमिनीच्या कागदात आणि पोलिसांच्या बातमीत ‘ताब्यात’ हा शब्द आजही येतो. त्यात कोणी कोणाचा अनुयायी असल्याची आठवण राहिलेली नाही. योगायोग असा की, महानुभावांच्या भाषेत दीक्षा घेण्यास ‘अनुसरणे’ म्हणतात. तेथेही कल्पना मागोमाग जाण्याचीच आहे. परंतु अनुसरणारा स्वेच्छेने निघतो आणि ताबेदार दुसऱ्याच्या इच्छेत सापडतो. एकाच कल्पनेस दोन भाषांनी इतकी भिन्न दैवे दिल्याची उदाहरणे थोडी असतील.

डिप्टी कमिशनरास लिहावयाच्या अर्जात अर्जदार स्वतःस ‘ताबेदार’ म्हणवी. हिंदुस्थानी अर्जांत त्याच जागी ‘फिदवी’ येई. हे शब्द अर्जनवीस लिहीत, शेतकरी नव्हे. समुद्रपूरचा कुणबी घरी अथवा बांधावर ‘ताबेदार’ म्हणून बोलत असेल हे संभवत नाही. तो शब्द त्याच्या नावावर कागदात पडे आणि कागदातच राही.

कागद आणि बोलणे यांतील हे अंतर जबानीच्या वेळी मात्र धोक्याचे ठरण्यासारखे होते. मध्यप्रांतातील जमीनमहसुलाची व्यवस्था येथे नीट ध्यानात घेतली पाहिजे. भोसलेशाहीत नागपूर प्रांतातील पाटील हा बहुधा गावाच्या वसुलाचा व्यवस्थापक असे; देशावरील वतनदार पाटलासारखा त्याचा पक्का वंशपरंपरागत हक्क नसे. इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात या वसुलदारांपैकी पुष्कळांना गावाची मालकी दिली, आणि ‘मालगुजार’ हा या भागातील गावचा धनी झाला. त्याच्या सीर व खुदकास्त जमिनी, त्याची कुळे, त्याचा गावठाणावरील हक्क, या सर्वांवरून दावे होत. अशा दाव्यात ‘तू अमुक साली अमुक जमीन सोडलीस काय?’ असा प्रश्न विचारला जात असता ऐकणारा मध्येच ‘हो जी’ म्हणे, तर त्या बोलीप्रमाणे त्याचा अर्थ ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ इतकाच असू शकतो. परंतु दुसऱ्या बोलीचा लेखनिक आणि परक्या भाषेत टिपण करणारा अंमलदार यांच्या हाताखालून तो जाता जाता त्याचा ‘कबूल’ होणे अवघड नव्हते. शब्दार्थाचा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा नसतो, तो कधी कधी एकरांत मोजावा लागतो. आज जुनी दप्तरे चाळणाऱ्या अभ्यासकाने कुळांच्या ‘कबुल्या’ वाचताना ही शक्यता मनात ठेवलेली बरी.

रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मधील जातीजमातींवरील ग्रंथात या प्रांतातील कुणब्याच्या सोशिक व संथ स्वभावाचे वर्णन आले आहे. सोशिकपणा नाकारण्याचे कारण नाही. परंतु असे वर्णन लिहिणाऱ्याच्या कानावर त्या कुणब्याची कोणती भाषा पडत असे, हा प्रश्न विचारावयास हवा. तंबूपुढे उभ्या असलेल्या माणसाचा ‘जी’ त्याला ऐकू येई. बाजारात दोन कुणबी भावावरून हुज्जत घालताना दोघेही एकमेकांस ‘जी’ म्हणतात, तो ‘जी’ ऐकू येण्याचा प्रसंग त्याला फारसा येत नसावा. ‘नाही जी, परवडत नाही’ या वाक्यात विनय पूर्ण आहे आणि नकारही पूर्ण आहे.

आता ‘जोहार’ या शब्दाकडे वळावयाचे. त्याचे मूळ सामान्यतः ‘जयकार’ या शब्दात शोधले जाते. तसे असल्यास ‘जी’प्रमाणे हाही आरंभी शुभेच्छेचाच शब्द होता : एक ‘जगा’ म्हणणारा, दुसरा ‘जय हो’ म्हणणारा. पण मराठी गावगाड्यात ‘जोहार’ हा महाराने वरच्या जातींपुढे करावयाच्या वंदनाचा शब्द झाला. संतवाङ्मयात त्याचे स्थान मोठे आहे. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीखाली सापडून निधन पावलेल्या चोखामेळ्याच्या नावावर ‘जोहारा’चे अभंग आहेत. सोळाव्या शतकात एकनाथांनी महाराच्या भूमिकेतून ‘जोहार’ नावाची रूपके रचिली आणि त्या नम्र शब्दाच्या आडून गावच्या कारभाऱ्यांस व अवघ्या संसारास जाब विचारला. वंदनाच्या शब्दाने उपदेशाचा अधिकार मिळविण्याची ही किमया भक्तीच्या क्षेत्रात साधली. गावच्या चावडीवर मात्र ती साधली नाही. तेथे महाराने ‘जोहार मायबाप’ म्हणावयाचे आणि ऐकणाऱ्याने ते घ्यावयाचे. उलट ‘जोहार’ म्हणावयाची रीत नव्हती.

याच ठिकाणी ‘जी’ आणि ‘जोहार’ यांच्या वाटा फुटतात. समुद्रपूरच्या परिसरात ‘जी’ म्हणणाऱ्यास उत्तरात ‘जी’ मिळू शकतो. पाहुणा यजमानास म्हणतो, यजमान पाहुण्यास म्हणतो. सासरा जावयाशी ‘जी’ लावून बोलतो आणि जावई सासऱ्याशी. मालगुजार आणि गडी यांच्यात ही परतफेड पूर्ण होत नसे, हे कबूल केले पाहिजे. तेथे वरून ‘गा’ किंवा ‘रे’ येई आणि खालून ‘जी’ जाई. परंतु शब्दास अन्यत्र परतीची वाट मोकळी असल्याने तो कोणा एका जातीचा अथवा दर्जाचा शिक्का झाला नाही. ‘जोहारा’स गावगाड्यात परतीची वाटच नव्हती. तो ऐकताच बोलणाऱ्याची जात कळे, आणि तेच त्याचे मुख्य कार्य होऊन बसले. लीनता शब्दाच्या अर्थात किती आहे यापेक्षा तो परत मिळतो की नाही, ही कसोटी अशा शब्दांना अधिक लागू पडते.

या कसोटीस एक विलक्षण दुजोरा त्याच मुलखात मिळतो. चांद्याच्या रानात आणि त्याच्या कडेच्या गावांत राहणाऱ्या गोंडांतही ‘जोहार’ हाच शब्द आहे. तेथे तो एक गोंड दुसऱ्या गोंडास म्हणतो, आणि उत्तर ‘जोहार’ असेच येते. लहानमोठेपणाचा भेद त्यात असला तरी तो वाकण्यात असेल, शब्दात नाही. परिणाम असा झाला की, एकच शब्द, एकाच जिल्ह्याच्या सीमेवर, एका समाजास नकोसा झाला आणि दुसऱ्या समाजाने तो अभिमानाने जपला. आज हिंदुस्थानातील अनेक आदिवासी समाज ‘जोहार’ हे आपले सामाईक अभिवादन मानतात. गोंडांत त्याच्या जोडीस ‘जय सेवा’ही आहे.

महार समाजाने ‘जोहार’ टाकला तो एकाएकी नव्हे. नागपूर प्रांतातील महारांच्या स्थितीत काही विशेष होते. गावचे कोतवालपण त्यांच्याकडे असले, तरी जाडेभरडे कापड विणण्याचा धंदाही त्यांच्यातील पुष्कळांच्या हाती होता. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, हिंगणघाटासही कापडाच्या गिरण्या निघाल्या, आणि गावच्या चावडीवर उभे राहिल्याशिवाय पोट भरण्याची एक वाट उघडली. गिरणीत पाळीच्या भोंग्यास ‘जोहार’ घालावा लागत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किसन फागूजी बनसोडे (१८७९–१९४६) यांच्यासारख्या नागपूरकडील कार्यकर्त्यांनी चोखामेळ्याचा आदर्श पुढे ठेवून समाजजागृती केली. म्हणजे ‘जोहारा’चा संत पूज्य, पण ‘जोहार’ त्याज्य, असा तो संधिकाल होता. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांस दिले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. त्यानंतर समुद्रपूर, हिंगणघाट या बाजूच्या गावांतही ‘जय भीम’ हेच अभिवादन सार्वत्रिक झाले. त्याचा विशेष असा की, त्याचे उत्तर ‘जय भीम’ असेच द्यावे लागते. ‘जोहारा’त जे नव्हते, नेमके तेच या शब्दात आले. गंमत अशी की व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘जोहार’ आणि ‘जय भीम’ यांत ‘जय’ हा अंश समान आहे; सातशे वर्षांनंतर मूळ शुभेच्छा आपल्या शुद्ध रूपात परत आली. आणि हेच लोक आपल्या नित्याच्या बोलण्यात ‘जी’ ठेवून आहेत. त्यांनी एक शब्द टाकला आणि दुसरा राखला, यात बोलणाऱ्यांची निवड स्पष्ट दिसते. तिला केवळ सवय म्हणून चालणार नाही.

‘जी’ म्हणणारे लोक आज्ञाधारकच असतात, या समजुतीस १९४२ च्या घटनांचे उत्तर पुरेसे आहे. त्या वर्षी १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, गिरडच्या आग्नेयेस काही कोसांवर असलेल्या चिमूर येथे आणि वर्धा जिल्ह्याच्याच वायव्य टोकावरील आष्टी येथे लोकांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला. दोन्ही ठिकाणी गोळीबार झाला, दोन्ही ठिकाणी पोलिसांचे व लोकांचे प्राण गेले, आणि पुढे खटले व फाशीच्या शिक्षा यांचे प्रकरण देशभर गाजले. ही दोन्ही गावे ‘जी’ बोलणाऱ्या मुलखातील आहेत.

स्वातंत्र्यानंतर लेखी लीनतेचे शब्द झपाट्याने हटले. मध्यप्रदेशच्या तत्कालीन विधिमंडळाने केलेल्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली. ‘ताबेदार’ अर्जातून गेला, आणि ‘ताबेदारी’ हा शब्द भाषणांत निषेधार्थ तेवढा उरला. शाळेच्या अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ अथवा ‘आज्ञांकित’ असे लिहिण्याची रीत अधिक चिवट ठरली. ‘अंकित’ म्हणजे खूण उमटविलेला, हे मूळ कोणत्याही विद्यार्थ्यास सांगितले जात नाही, हे बरेच आहे.

१९५६ साली विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले, तेव्हा ‘जी’पुढे एक वेगळे संकट उभे राहिले. क्रमिक पुस्तकांची भाषा पुण्याची झाली. तिच्यात ‘अहो’ होता, ‘जी’ नव्हता. घरून ‘हो जी’ घेऊन आलेल्या मुलास वर्गात ‘होय’ शिकविण्यात आले, आणि त्याच्या बोलण्यात हिंदीची भेसळ आहे अशी त्याची समजूत करून देण्यात आली. वर्ध्यास १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समितीचे कार्य चालू असल्यामुळे आणि सेवाग्रामच्या आश्रमामुळे ‘गांधीजी’, ‘जमनालालजी’ अशी नावे सर्वांच्या तोंडी झाल्याने या समजुतीस आधार मिळाल्यासारखे दिसले. वस्तुतः नावापुढील ‘जी’ आणि वाक्याखेरचा ‘जी’ यांची कार्ये निराळी आहेत. समुद्रपूरचा शेतकरी शेजाऱ्याच्या नावास ‘जी’ क्वचितच जोडतो. तो नाव न घेताच ‘जी’ म्हणतो. ज्या मुलाला तेराव्या शतकातील मराठी घरीच मिळाली होती, त्यास ती अशुद्ध म्हणून पुसावयास लावणे आणि पुढे महाविद्यालयात तीच ‘लीळाचरित्रा’तून टिपांसह शिकविणे, हा क्रम काही काळ तरी चालला.

मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) ‘जी’ची नोंद आदरवाचक म्हणून आहे, आणि दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२–३८) जुन्या वाङ्मयातील शब्दांचा मोठा संग्रह केला. तथापि वर्धा, नागपूर व चांदा या बाजूंच्या बोलीत ‘जी’ प्रश्नात कसा येतो, नकारात कसा येतो, ‘गा’ व ‘वो’ यांच्याशी त्याची वाटणी कशी असते, आणि वडीलधारा मनुष्य धाकट्यास तो कोणत्या प्रसंगी देतो, यांची नोंद गावोगाव फिरूनच करता येईल. समुद्रपूर, गिरड, मांडगाव या ठिकाणचे आठवडी बाजार त्यासाठी सोयीचे आहेत. तेथे घेणारा आणि देणारा दोघेही अपरिचित असतात, दोघांनाही आपले म्हणणे सोडावयाचे नसते, आणि दोघेही ‘जी’ म्हणत असतात.